आजारपणानंतरच्या सरावासाठी छातीवरचा हार्ट रेट पट्टा

लांबलेल्या आजारातून उठून पोहणे, सायकलिंग आणि धावणे यांचा सराव पुन्हा सुरू करताना मी छातीवर बांधायचा हार्ट रेट पट्टा घेतला, आणि हौशी ट्रायथलॉनपटूने या काळात तो जरूर वापरावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहावरून ठोके मोजते, तर हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. त्यामुळे चढावर एकदम जोर लावला तरी आकडा मागे रेंगाळत नाही. ज्या संथ गतीने धावताना पूर्वी सहज गप्पा मारता येत, त्याच गतीला आता ठोके बरेच वर चढतात, हे त्याने लगेच दाखवले आणि मी धावणे थांबवून चालू लागलो. पायांत जोर असतो, मनात हुरूप असतो. हृदयाला मात्र सावरायला वेळ हवा असतो. अर्थात, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर आकडा काहीही असो, डॉक्टरांनाच गाठावे.

पोहताना मात्र तो तितकासा उपयोगी नाही. ब्लूटूथचे संकेत पाण्यातून फार दूर जात नाहीत, म्हणून ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमधल्या १.५ किलोमीटर पोहण्याची तयारी करताना ठोके पट्ट्याच्या मेमरीत साठतात आणि बाहेर आल्यावरच पाहता येतात. शिवाय भिंतीला रेटा देऊन वळताना पट्टा खाली घसरतो. बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेला टेकून संकेत टिपणारे पट्ट्याचे भाग, ओले करावेत, आणि सराव संपल्यावर सेन्सर सुटा करून पट्टा साध्या पाण्याने धुवावा.