ओएस एक्सप्लोरर ओएल २१ साउथ पेनाइन्स: ओसाड शेतघरं शोधायची असतील तर हाच नकाशा घ्या

परवा ओएल २१ ची दुसरी प्रत मागवली. पहिली चार वर्षं वापरली, घड्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे भोकं पडलीत, आणि ती आता माझ्याकडे नाहीच, ते शेवटी सांगते. हा रिव्ह्यू नेहमीच्या वॉकिंगसाठी नाहीये, म्हणजे तुम्हाला फक्त इंग्लंडमधल्या हावर्थ गावात उतरून दगडी रस्त्यावरून चढून चहा-केक खाऊन परत यायचं असेल तर नकाशाची काही गरज नाही, पाट्या भरपूर आहेत. पण पेनाइन्स डोंगररांगेत, यॉर्कशर आणि लँकेशरच्या मधल्या त्या उघड्या माळांवर, ज्याला इथे मूर म्हणतात, जी शेकडो शेतघरं सोडून दिलेली पडलीत ती शोधायची असतील तर मला यासारखी दुसरी वस्तू सापडलेली नाही. पाच पैकी पाच.

ओएस, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे, हे इथलं सरकारी नकाशा खातं, १७९१ पासूनचं, मुळात सैन्यासाठी सुरू झालेलं. त्यांच्या दोन मालिका सगळीकडे मिळतात. गुलाबी कव्हरचा लँडरेंजर १:५०,००० चा आणि नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर १:२५,००० चा. दुकानात उभं राहिलं की वाटतं गुलाबी घ्यावा, एकाच कागदात जास्त मुलूख येतो. तो घेऊ नका. कारण नारिंगीत शेतांच्या भिंती दाखवतात आणि गुलाबीत त्या नसतात, आणि आपलं सगळं काम त्या भिंतींवरच चालतं. एक्सप्लोररमध्ये ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, त्यामुळे बारीक काळ्या रेघेने एकेक वावर वेगळं दिसतं.

त्या भिंती म्हणजे आपले कोकणातले गडगे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. आपल्याकडे जांभा, इथे मिलस्टोन ग्रिट नावाचा खरखरीत वाळूचा दगड, आणि गिरण्यांच्या धुराने काळा पडलेला. मी मूळची कुडाळकडची, लीड्सला आले तेव्हा पहिल्यांदा मूर बघून मला आमचा सडाच आठवला होता, तसाच उघडा, तसाच वारा, फक्त इथे पायाखाली कातळाऐवजी पाणी धरलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याची काळी, मऊ माती.

आता नकाशा वाचायचा कसा ते सांगते, कारण पाकिटावर हे लिहिलेलं नसतं. फिकट पिवळा रंग दिलाय ती मोकळी जमीन, २००० सालच्या कायद्यामुळे तिथे वाट सोडूनही पायी फिरता येतं. हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या पायवाटा. पिवळ्या रंगाच्या कडेला, जिथे काळ्या रेघांची जाळी संपते, तिथे बोट ठेवा. जुन्या लोकांनी माळ फोडून, दगड वेचून, चुना घालून जी जमीन ताब्यात आणली तिला इथे इंटेक म्हणतात, आणि माळाच्या काठाने हे इंटेक वर वर चढत गेलेले दिसतात. सगळ्यात वरच्या इंटेकच्या कोपऱ्यात एखादा छोटा चौकोन असतो, कुठे नावापुढे बारीक अक्षरात ‘रुइन’ लिहिलेलं, कुठे नुसतं नाव, कुठे तेही नाही. प्राचीन अवशेषांना या नकाशात जुन्या वळणाची खास अक्षरं मिळतात, ही शेतघरं त्या मानाने कालपरवाची म्हणून त्यांना काही नाही. पण एका ठिकाणी तीन-चार भिंती येऊन मिळतायत, दोन भिंतींच्या मधून एक अरुंद गल्ली माळाकडे जातेय आणि शेजारी झऱ्याची निळी रेघ आहे असं दिसलं की तिथे घर होतं असं खुशाल समजा. ती गल्ली म्हणजे गुरं-मेंढरं शेतात न शिरता वर चरायला न्यायची पाणंद. मी असं नुसतं घरी बसून, चहाचा कप ठेवून शोधलेल्या सात जागांपैकी सहा ठिकाणी प्रत्यक्ष जोती मिळाली.

सुरुवात करायची तर टॉप विदेन्स या ओसाड शेतघरापासून करा, ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटीतला जागेचा आकडा) एसडी ९८१ ३५३. लीड्सहून ट्रेनने कीथली, तिथून बसने हावर्थ, किंवा सुट्टीच्या दिवशी वाफेच्या इंजिनाची वर्थ व्हॅली रेल्वे, आणि पुढे पायी साधारण साडेतीन मैल, धबधब्यावरून. वाटेतल्या काही पाट्यांवर जपानी अक्षरंसुद्धा आहेत इतके लोक येतात, कारण एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ कादंबरीमधलं घर ते हेच असा समज आहे. भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ साली लावलेली पाटी आहे आणि ती अगदी प्रामाणिकपणे सांगते की हे घर धड उभं होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं दिसत नव्हतं, फार तर ही जागा तिच्या मनात असेल. मला त्या पाटीपेक्षा घराची स्वतःची गोष्ट जास्त मोठी वाटते. १८ मे १८९३ ला इथे वीज पडली, भिंतीला भोकं पडली, छप्पर काही भागात उडालं, जवळजवळ ३० खिडक्या गेल्या, आणि स्वयंपाकघरात एका सुरीचं पातं वितळलं. त्या सुरीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी त्याच सुरीने कोणी पाव कापला असेल.

मागच्या मे महिन्यात बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. एकाहत्तर वर्षांचे आहेत पण सडा चढून उतरून मोठे झालेत, माझ्या पुढेच होते. टॉप विदेन्सला दहा-बारा माणसं फोटो काढत होती, बाबांनी पाटी वाचली नाही की फोटो काढला नाही, ते सरळ भिंतीच्या आत शिरले आणि खाली बघत फिरायला लागले. आता छप्पर नाहीच, भिंतींचे माथे पुन्हा पडू नयेत म्हणून बांधून घेतलेत. मग तिथून आम्ही नकाशा उघडला आणि खाली उतरलो, कारण विदेन्स एक नव्हतं, तीन होती. टॉप, मिडल आणि लोअर. खालच्या दोन घरांकडे बहुतेक लोक वळतच नाहीत, कारण उभं काही नाही, गवताचे उंचवटे आणि दगडांचे ढीग.

तिथे बाबा बसले. एका ढिगाशेजारी उकिडवे बसून त्यांनी हाताने गवत बाजूला सारलं, खाली फरसबंदी निघाली आणि तिच्यात एक उथळ पन्हळ, साधारण वीतभर रुंद, उताराकडे गेलेली. दोन बोटं त्या पन्हळीत घालून ते शेवटपर्यंत सरकत गेले आणि म्हणाले, ‘हयसर गोठो होतो गो.’ मी म्हटलं बाबा कशावरून, तर म्हणाले मुताची पन्हळ आहे, आणि गुरं तोंड करून तिकडे उभी राहायची, म्हणजे गव्हाण त्या भिंतीला. आणि भिंतीच्या पलीकडे लगेच चूल. पाय लांबवला की दुसऱ्या टोकाला लागेल इतकंच अंतर.

मी घरी येऊन वाचलं तर हे असंच असायचं. पेनाइन्समध्ये घर आणि गोठा-कोठार एकाच छपराखाली बांधायची पद्धत होती, कोठाराला इथल्या बोलीत लेद म्हणतात, म्हणून त्या घरांना लेद-हाउस. हावर्थजवळच्या स्टॅनबरीच्या धरणाचं नावसुद्धा लोअर लेद आहे, मी चार वर्षं ते नाव नकाशात बघत होते आणि त्याचा अर्थ कधी शोधला नव्हता.

बाबांनी आणखी एक दाखवलं, जे आता मी प्रत्येक ठिकाणी बघते. उघड्या माळावर मध्येच एकटं सिकामोरचं झाड दिसलं तर तिकडे चला, ते वाऱ्याला आडोसा म्हणून कोणीतरी मुद्दाम लावलेलं असतं, आपल्याकडे नुसत्या माडांवरून जुनं घर ओळखतो तसंच. आणि झाडाखाली नेटल माजलेलं असेल, हात लागला की आग होते ते, तर तिथे उकिरडा किंवा गोठा होता, कारण शेणखताचा कस जमिनीत शंभर वर्षं राहतो आणि नेटलला तो लागतो. आणि वावरात लव्हाळ्यासारखे ताठ हिरवे झुपके आले असतील तर ती जमीन पड टाकलीय, चर बुजलेत, पाणी साचतंय. नकाशावर ते वावर अजून चौकोनी, नीट, भिंतीसकट आहे.

लोक घरं सोडून का गेले, तर एकाच कारणाने नाही. ही घरं नुसत्या शेतीवर कधीच चालली नाहीत, एवढ्या उंचीवर ओट्सच्या पलीकडे फार काही पिकत नाही, चार गुरं, थोडी मेंढरं आणि वरच्या खोलीत हातमाग. म्हणून जुन्या घरांना ओळीने लागून लागून खिडक्या दिसतात, मागावर उजेड पडावा म्हणून. एकोणिसाव्या शतकात दरीत गिरण्या आल्या, हातमाग बसला, मुलं गिरणीत गेली. ज्यांच्या घरची माणसं परळ-लालबागला गेली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मग शहरं वाढली, त्यांना पाणी हवं झालं, नगरपालिकांनी दऱ्यांत धरणं बांधली आणि पाणी घाण होऊ नये म्हणून वरची शेतंही विकत घेतली, गुरं आणि उकिरडे पाणलोटात नकोत म्हणून. टॉप विदेन्सही असंच कीथलीच्या पाणीपुरवठ्याकडे गेलं.

या नकाशाबरोबर एक जोड द्या, फुकट आहे. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे आहेत, इंग्लंडचेसुद्धा, या भागाचे सगळ्यात जुने १८४०-५० च्या सुमाराचे. जुना आणि नवा शेजारी शेजारी लावता येतो. एका संध्याकाळी मी असं लावून बसले होते, जुन्यावर घराचं नाव, विहीर, छोटीशी बाग, आणि नव्यावर त्याच जागी फक्त भिंतीचा कोपरा. जुन्यावरून जागा ठरवायची, ओएल २१ वर पेन्सिलने खूण करायची आणि निघायचं, असं माझं चालतं.

फोन आहे की मग कागद कशाला असं विचाराल. कागदी नकाशाबरोबर फोनवर उतरवून घ्यायचा कोड येतोच, तो जरूर वापरा, पण कागद घरी ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी एका फुकटच्या अ‍ॅपच्या भरवशावर एकटी गेले होते, नाव सांगत नाही, वर रेंज नव्हती आणि पडदा नुसता करडा झाला, त्यातच धुकं उतरलं. धुकं म्हणजे आपल्या आंबोलीसारखं, हात लांब केला तर बोटं पुसट. दोनदा गुडघ्यापर्यंत पीटमध्ये गेले आणि दुसऱ्यांदा बूट ओढून काढताना खरंच रडू आलं. मग पाठपिशवीतला हाच नकाशा काढला, होकायंत्र ठेवलं, आणि जवळची एक भिंत गाठली. भिंत धरली की सुटलात, कारण प्रत्येक भिंत नकाशात आहे आणि प्रत्येक भिंत कुठेतरी जाते. हाताने दगड चाचपत एक फाटक, मग दुसरं फाटक, असं मोजत पाऊण तासात डांबरी रस्त्यावर आले.

कुठली प्रत घ्यायची? थोडे जास्त पैसे घालून अ‍ॅक्टिव्ह म्हणजे लॅमिनेट केलेली घ्या, साधा कागद इथल्या पावसात दोन हिवाळे काढतो. नकाशा पूर्ण उघडला तर मोठा होतो, वाऱ्यात धरवत नाही, निघण्याआधीच हवा तो भाग वर येईल अशी घडी घालून घ्या. दलदल कुठे किती खोल हे कुठल्याच नकाशात नसतं, काठी ठेवा. मार्च ते जुलै कर्ल्यू, टिटव्या, गोल्डन प्लव्हर जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा पाय बघून टाकायचा आणि कुत्रा दोरीवरच. भिंतीवर चढू नका, पडक्या चौकटीखाली उभं राहू नका, आणि कृपा करून दगड आठवण म्हणून उचलून आणू नका, एक निघाला की पुढच्या थंडीत शेजारचे चार निघतात.

ही शीट संपली की शेजारची २८७ घ्या, वेस्ट पेनाइन मूर्स. तिच्यात हॅसलिंग्डन ग्रेन आहे, एकाच दरीत १८४२, १८६० आणि १९१२ अशी तीन धरणं झाली आणि वरची वस्ती उठत गेली. मी अजून अर्धीच बघितलीय.

जुनी प्रत बाबा घेऊन गेले. मी म्हटलं होतं तुम्हाला नवी देते, ही फाटलीय, तर नाही म्हणाले, यावर खुणा आहेत. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बघितलं, ओटीवरच्या टेबलावर काचेखाली ठेवलाय, आणि मिडल विदेन्सच्या शेजारी माझ्या खुणेला लागून त्यांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय, ‘गोठो’.