बारावी कॉमर्सच्या गणिताचं पुस्तक, भाग 2: रोजच्या कामाचं गणित

मुलीने एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) सोडून मॅथ्स घेतलं म्हणून हे पुस्तक घरी आलं, आणि खरं सांगते, तिच्यापेक्षा मीच जास्त वाचलं. कमिशन, दलाली, विमा, ॲन्युइटी (ठरावीक काळाने भरायचे किंवा मिळायचे हप्ते), निर्देशांक (किमती किती बदलल्या ते दाखवणारा आकडा), सगळं आपल्या रोजच्या व्यवहारातलं. विम्याचा धडा तर प्रत्येक दुकानदाराने वाचावा. 10 लाखांच्या मालाचा 6 लाखांचाच विमा काढला आणि आगीत 2 लाखांचं नुकसान झालं तर 2 लाख मिळत नाहीत हो, त्याच प्रमाणात 1 लाख 20 हजारच मिळतात! ॲन्युइटी समजली की होमलोनचा ईएमआय कसा काढतात तेही कळतं, फक्त ते मुलांना कोणीतरी सांगायला हवं, नाहीतर फॉर्म्युला पाठ आणि विषय संपला. निर्देशांकात लास्पेयर, पाशे, फिशर अशी तो काढण्याच्या पद्धतींची नावं येतात, घाबरू नका, महागाई भत्ता वाढतो त्यामागचा हिशोब याच जातीचा आहे. असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणजे कोणतं काम कोणाला दिलं तर खर्च कमी, ते सोडवायला मस्त कोडं वाटतं. बँकर्स डिस्काउंट, म्हणजे हुंडी (ठरलेल्या तारखेला पैसे देण्याचा लेखी कागद) मुदतीआधी वटवताना बँक कापून घेते ती रक्कम, मात्र मला जरा जुनाट वाटलं, हुंडी आज किती मुलं बघणार?

भाग 1 मध्ये कॅल्क्युलसमधले डेरिव्हेटिव्ह वगैरे, तो वेगळाच प्रकार. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते, पण गणित कागदावरच बरं. साडेचार स्टार.