नाकातली नळी की पोटातली?

बाळाला तोंडाने पुरेसं जात नाही, नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातली मोठी माणसं पोटाला भोक पाडण्याच्या कल्पनेनेच हादरतात. पण आधी एकच गोष्ट विचारून घ्या: नळी किती काळ लागणार? चार-सहा आठवड्यांत भागणार असेल तर नाकातली पुरते. त्यापुढे जाणार असेल तर पोटातल्या नळीचं, म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमीचं, लवकर बोला. भीतीपोटी महिनोन्महिने नाकातली नळी चालू ठेवली की त्रास बाळालाच होतो.

नाकातल्या नळीला भूल लागत नाही, वॉर्डातच काही मिनिटांत बसते. लहान मुलांना बहुधा ६ ते ८ फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं एकक) मापाची. साधी पीव्हीसीची नळी काही दिवसांत कडक होते आणि बदलावी लागते; मऊ पॉलियुरेथेनची काही आठवडे टिकते, तीच मागा. नाकातल्या नळीची खरी अडचण जागा सोडण्याची. बाळ ओढतं, खोकला किंवा उलटी झाली की टोक वर सरकतं आणि दूध फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक भरवणीआधी नाकपुडीजवळची खूण बघायची, सिरिंजने थोडा द्रव ओढून पीएच (आम्लता दाखवणाऱ्या) पट्टीवर टाकायचा. ५.५ किंवा कमी आला तरच भरवायचं. हवा ढकलून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्यावर विसंबू नका; नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. पोटातलं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर पट्टी जास्त आकडा दाखवते, तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

कोकणात यात घामाची भर पडते. एप्रिल-मेमध्ये गालावरची चिकटपट्टी दिवसातून दोनदा सुटते, खालची कातडी लाल होते. आधी गालावर हायड्रोकोलॉइडचा (कातडी जपणाऱ्या मऊ ड्रेसिंगचा) तुकडा लावून त्यावर पट्टी लावली तर कातडी वाचते.

पोटातल्या नळीला भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया लागते. आधी लांब नळी, कातडीपासून पोटापर्यंतची वाट पक्की झाली की तीनेक महिन्यांनी सपाट बटण, म्हणजे कातडीलगत बसणारी आखूड नळी. काही ठिकाणी थेट बटणच बसवतात. चेहरा मोकळा राहतो, तोंडाने चव देण्याचा सराव सोपा जातो. बटणाच्या आतल्या फुग्यात डॉक्टरांनी सांगितलेलं, बहुधा ३ ते ५ मिली, निर्जंतुक पाणी असतं. सलाईन नव्हे, त्याचे खडे होतात. ते आठवड्यातून एकदा मोजायचं. भोकाभोवती ओलसर लाल मांस वाढणं आणि गळती या नेहमीच्या तक्रारी. घट्ट कपडे टाळा, कातडी कोरडी ठेवा. आणि हो, बटण कायमचं नसतं: गरज संपली की काढतात, भोक बहुधा आपोआप बुजतं.

बटण पडलं तर मात्र वेळ फार कमी असतो, वाट काही तासांत आकसते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत घरी काहीही आत घालू नका, थेट रुग्णालय गाठा. इथे अंतराचा हिशोब येतो. बालशल्यचिकित्सकासाठी रत्नागिरीकर अनेकदा कोल्हापूर किंवा मुंबईला जातात, सिंधुदुर्गातले गोव्याला. पावसाळ्यात कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या आंबा घाटात दरड आली की रस्ता बंद. त्यामुळे शस्त्रक्रिया जमल्यास पावसाळ्याबाहेर घ्या आणि सुटताना जादा बटण, एक माप लहान नळी आणि ती केव्हा वापरायची याचं लेखी उत्तर घेऊन या.

भरवण्याची पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी. डोकं ३० ते ४५ अंश वर. दट्ट्या काढलेली ५० मिलीची सिरिंज उंच धरून २०-३० मिनिटांत हळू सोडायचं, ढकलायचं नाही. आधी-नंतर ५ ते १० मिली पाणी (तान्ह्याला डॉक्टर सांगतील तितकंच), नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. खरा फरक नळीच्या जाडीचा. तांदळाची पेज, नाचणीची आंबील नाकातल्या बारीक नळीत लगेच अडकते. पोटातल्या १२-१४ फ्रेंच नळीतून आहारतज्ज्ञांनी ठरवलेलं घरचं, मिक्सरमध्ये बारीक करून गाळलेलं अन्न जाऊ शकतं. उकाड्यात ते बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. लाईट जाण्याचा भरवसा नसल्याने एका वेळेपुरतंच करा. प्रत्येक औषध वेगळं, मध्ये पाणी. नळी अडकली तर कोमट पाण्याने हलकेच मागे-पुढे करून बघा. तार कधीही घालू नका.

भरवताना खोकला आला, ओठ निळे पडले किंवा श्वास लागला तर दोन्ही प्रकारांत भरवणं ताबडतोब थांबवा आणि रुग्णालयात न्या.