टायरात नायट्रोजन की साधी हवा?
भाचा फोंड्याहून विचारतोय, गाडीच्या टायरात काय भरू. अरे, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो! नायट्रोजन भरला की उन्हात प्रेशर वाढत नाही म्हणतात ते सोड, तापलं की रेणू जोरात पळतात, टायरला आतून जास्त आपटतात, मग वायू कुठलाही असो, 30 चे 60 डिग्री झाले तर 32 पीएसआय प्रेशरचे साधारण 36-37 होणारच. गळती मात्र नायट्रोजनची थोडी कमी, कारण रबरातून ऑक्सिजन लवकर झिरपतो. शिवाय नायट्रोजन कोरडा, आपल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं ना. खर्च? साधी हवा बहुतेक पंपांवर फुकट. रोज फोंडा-पणजी करतोस तर साधीच भर, पंधरा दिवसांनी चेक कर. पप्पांची गाडी महिनोन्‌महिने उभीच असते, तिच्यात नायट्रोजन चालेल.