कोर्ट सोडल्यावर: संघाचं कार्यालय की एजंटचं काम?

व्यावसायिक बास्केटबॉल थांबवणाऱ्या खेळाडूला क्रीडा व्यवस्थापनात जायचं असेल, तर दोन रस्ते खरे. एक, संघाच्या कार्यालयात स्काउटपासून (खेळाडू हेरणारा) सुरुवात करून जनरल मॅनेजरच्या (संघबांधणीचा प्रमुख) खुर्चीपर्यंत पोचायचं. दोन, एजंट होऊन खेळाडूंचे करार करायचे. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात: फोन, सौदे, सामने. रोजचं काम मात्र अगदी निराळं आहे.

आधी पदवीचं बघा, कारण तिथंच कित्येकांचा निर्णय आपोआप होतो. एनबीएत (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये) एजंट व्हायला खेळाडू संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी चार वर्षांची पदवी हवी आणि लेखी परीक्षाही द्यावी लागते. वाटाघाटींचा अनुभव धरून पदवीत सवलत देण्याचा अधिकार संघटनेकडे आहे, पण ती हक्कानं मागता येत नाही. एका वर्षात कॉलेज सोडून ड्राफ्टला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीला) गेलेल्यानं खेळत असतानाच राहिलेलं शिक्षण पुरं करावं. निवृत्तीनंतर सुरुवात केली तर ओळखी ताज्या असतानाची वर्षं वर्गात जातात. आंतरराष्ट्रीय बदल्यांसाठी फिबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) परवाना वेगळा, त्याची परीक्षाही वेगळी. संघाच्या नोकरीला अशी अट नाही. तिथं दार उघडं असतं, फक्त पायरी खालची असते.

पैशाचं गणित कागदावर मांडूनच बघा. एनबीएत किमान वेतनाच्या करारावर एजंटला जास्तीत जास्त २ टक्के आणि त्यावरच्या करारावर ४ टक्के घेता येतात. समजा, तुमच्याकडे २० लाख डॉलरचे तीन किमान करार आहेत. प्रत्येकी ४० हजार, म्हणजे वर्षाला फार तर १ लाख २० हजार डॉलर, तेही खेळाडूला पगार मिळेल तसे. ड्राफ्टआधीचे काही आठवडे नव्या खेळाडूचं प्रशिक्षण, राहणं, जेवण, प्रवास हे बहुधा एजंटच्या खिशातून जातं. तो निवडला गेला नाही तर ते पैसे बुडाले. शिवाय खेळाडू १५ दिवसांची लेखी सूचना देऊन एजंट बदलू शकतो. तुम्ही केलेल्या कराराचं कमिशन मिळत राहतं, पण पुढचा मोठा करार दुसऱ्याचा. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्नाशिवाय निभावतील एवढी शिल्लक नसेल, तर स्वतंत्र एजन्सी काढू नका. मोठ्या एजन्सीत नोकरी धरा.

युरोपातल्या करारांत आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. पगार थकला तर दाद कुठे मागायची, हे करारातच लिहिलेलं असावं. जिनिव्हाचं बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण २००७ पासून आहे, पण त्याचं कलम करारात असेल तरच उपयोग. ते विसरलात तर खेळाडू परक्या देशातल्या न्यायालयाच्या चकरा मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो तुमचा खेळाडू नसतो.

संघाच्या बाजूला पगार ठरलेला आणि जोखीम कमी, पण वर्ष प्रवासात जातं. स्काउटचं काम म्हणजे सामना बघणं नव्हे. तिथं दीड तास आधी पोचायचं. सरावात खेळाडू कोणत्या हाताला टाळतो, बदली केल्यावर बाकावर कुणाशेजारी बसतो, टाइमआउटमध्ये प्रशिक्षकाकडे बघतो की प्रेक्षकांकडे, हे टिपायचं. चेंडूवरची नजर काढून पायांवर ठेवायची. अहवालात ‘बचाव चांगला’ लिहून भागत नाही. ‘पिक-अँड-रोलमध्ये सात वेळा सापडला, चार वेळा स्क्रीनखालून गेला, दोनदा खुला तीन गुणांचा शॉट दिला’ असं लिहावं लागतं. (पिक-अँड-रोल म्हणजे सहकारी स्क्रीन, म्हणजे आडोसा, करून चेंडूवाल्याला मोकळा करतो ती चाल.) माजी खेळाडू इथं हमखास एक चूक करतात: समोरचा पोरगा आपल्यासारखा खेळतो का, हेच मोजतात.

खेळाडूची नजर कुठे चालते आणि कुठे फसते, हे जो डुमार्स यांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं. ते १९९९ मध्ये निवृत्त झाले आणि २००० मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सचे अध्यक्ष. बेन वॉलेस, चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, रशीद वॉलेस अशी दुसऱ्या संघांत मुरलेली माणसं त्यांनी जमवली आणि २००४ ची एनबीए स्पर्धा जिंकली. त्याच डुमार्सनी २००३ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड तेव्हा शिल्लक होते. ज्या लीगमध्ये आपण खेळलो तिथली माणसं ओळखणं आणि अठरा वर्षांच्या मुलाचं भविष्य वाचणं ही दोन वेगळी कसबं आहेत. दुसरं हाताखाली राहूनच शिकावं लागतं.

त्या दृष्टीनं ट्रेजन लँगडन यांची वाट आम्हाला जास्त भरवशाची वाटते. सीएसकेए मॉस्कोकडून दोन युरोलीग (युरोपातल्या क्लबांची अव्वल स्पर्धा) जिंकून २०११ मध्ये थांबले, मग सॅन अँटोनियोसाठी स्काउट, क्लीव्हलंडमध्ये प्रशासन, ब्रुकलिनमध्ये सहायक जनरल मॅनेजर, २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे जनरल मॅनेजर, २०२४ मध्ये डेट्रॉइटचे अध्यक्ष. एल्टन ब्रँड तर फिलाडेल्फियाची सूत्रं हाती घेण्याआधी त्यांच्याच डेलावेअरच्या जी-लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघाचे जनरल मॅनेजर होते. छोट्या संघात चुका स्वस्तात होतात.

नियमांचा अभ्यास मात्र टाळता येत नाही. २०२५-२६ साठी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर आणि ‘दुसरा एप्रन’ (त्याहून वरची, कडक निर्बंधांची रेषा) २० कोटी ७८ लाख. त्या रेषेच्या वर गेलेल्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू आणता येत नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या नवख्याच्या कराराचं तिसरं वर्ष घ्यायचं की नाही, हे त्याचा एकच हंगाम पाहून ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. तोंडही सांभाळावं लागतं: २०१८ मध्ये लेकर्सचे तेव्हाचे अध्यक्ष मॅजिक जॉन्सन यांना यानिस अँटेटोकुंपोची जाहीर स्तुती केल्याबद्दल ५० हजार डॉलर दंड झाला. दुसऱ्या संघाच्या करारबद्ध खेळाडूबद्दल बोलणं, एवढंच निमित्त.

आमचा कौल असा. माणसं जोडून ठेवणं ही तुमची खरी ताकद असेल, पदवी आणि शिल्लक दोन्ही असेल, तर एजंट व्हा. व्हिडिओसमोर तासन्‌तास बसवत असेल आणि कालच्या सहकाऱ्याला ‘तुला सोडतोय’ हे तोंडावर सांगता येत असेल, तर संघाचं कार्यालय धरा. नंतर बाजू बदलता येते: बॉब मायर्स आणि रॉब पेलिंका एजंटचे जनरल मॅनेजर झाले, तर बी. जे. आर्मस्ट्राँग शिकागोच्या कार्यालयातून एजंट. दोन्ही एकदम मात्र करता येत नाही. संघाच्या पगारावर असताना जुन्या मित्राचा करार ‘जरा बघून’ देणं हासुद्धा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो, त्यामुळे तसा फोन आला तर त्याला दुसऱ्या एजंटचं नाव द्या आणि विषय तिथंच थांबवा.