राजवाडा बंद नसतो: बँकॉकमध्ये गेलेले १,१२,९०० रुपये

एक लाख बारा हजार नऊशे. बँकॉकच्या सहलीत फसवणुकीत सुरुवातीलाच एवढे गेले आणि आजपर्यंत त्यातला छदाम परत आलेला नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. घरी, ऑफिसात, पानठेल्यावर सगळ्यांचं हसून झालंय.

आम्ही दोघं भैताड नाही. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे बाजारात, दोनशेची वस्तू ऐंशीला मागणारी माणसं आहोत. टुकटुकवाले (तिथले रिक्षावाले), नीलम, 'आज बंद आहे' या थापांचं सगळं निघण्याआधी वाचलेलं होतं, तुम्हीही वाचलं असेल. तरी माणूस सापडतो, कारण नव्या देशात पहिल्या दिवशी कशाचाच खरा भाव ठाऊक नसतो. त्यात साखळीतला प्रत्येक जण इतकी बारकी थाप मारतो की ती तपासावी असं मनातही येत नाही.

किरकोळ चोऱ्या आधी सांगतो. पहिली नागपुरातच झाली. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या परदेशी माणसाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट असतं आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या साइटवर झेंडा, राजचिन्ह, सगळं असतं, 'आत्ताच भरा, नंतर गर्दी होते' असंही असतं, आणि शेवटच्या पानावर फी. माणशी ३,१८० प्रमाणे ६,३६० रुपये. थायलंडच्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट जीओ डॉट टीएच'ने (.go.th) संपतो. तसा संपत नसेल तर खिडकी बंद करा.

दुसरी टॅक्सी. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडता तो मजला दुसरा, मीटरच्या टॅक्सीची रांग पहिल्या मजल्यावर. तिथल्या मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर लेनचा नंबर असतो. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल आपला. शहरातल्या खाओ सान भागापर्यंत सगळं धरून चारशेच्या आसपास. आमच्याकडून १,००० घेतले, कारण 'मीटर बिघडलं' हे गाडी हायवेला लागल्यावर सांगतात. चिठ्ठी ड्रायव्हर मागतो, द्यायची नाही. तक्रारीसाठी तेवढाच कागद हातात असतो. सामान पाठीवरच असेल आणि दिवस असेल तर सरळ रेल लिंक धरा, फाया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाट.

तिसरी एटीएमची. परदेशी कार्डाला फी लागतेच, ती सुटत नाही, आम्हाला २२० बाट लागली. खरी मार पुढच्या प्रश्नात आहे: रुपयांत रूपांतर करून हवं का? मोठ्या हिरव्या बटणावर 'हो' असतं. ते दाबलं की दर मशीन ठरवतं. त्या दिवशी बाट २ रुपये ६० पैशांना होता, मशीनने २.८१ लावला. १०,००० बाटमागे २,१०० रुपये गेले. नेहमी 'रूपांतर नको'. रोख बदलायची असेल तर वरच्या मजल्यावरच्या काउंटरवर थांबू नका, तळघरात रेल लिंकच्या तोंडाशी बरे दर मिळतात.

आता राजवाडा.

ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीनपर्यंत उघडा असतो, तिकीट ५०० बाट. राजघराण्याचा एखादा मोठा विधी असला तरच फरक पडतो. तिकीट आतल्या खिडकीवर मिळतं, बाहेर भिंतीलगत उभा असलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं असलं तरी, राजवाड्याचा नाही. तो तुमच्या अर्ध्या पँटकडे बोट दाखवतो (गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात हे खरं आहे, थापेत असा एक खरा तुकडा असतोच) आणि म्हणतो, आज बुद्धाचा पवित्र दिवस, एक वाजेपर्यंत फक्त भिक्खूंची पूजा, परदेशी माणसांना बंद.

इथेच. इथेच कळायला हवं होतं, आणि हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. दीक्षाभूमीच्या गावची माणसं आम्ही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी कधी बंद पाहिली का कोणी? त्या दिवशी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पवित्र दिवशी विहार बंद ठेवतात ही गोष्ट नागपूरकराच्या गळी उतरूच कशी शकते? उतरते, कारण ती अत्यंत अदबीने, हात जोडून सांगितली जाते, वर नकाशावर पेनाने तीन ठिकाणं फुकट लिहून मिळतात. पन्नास पावलं पुढे जाऊन फाटक बघायचं, एवढंच काम होतं. पण ऊन, भाषा कळत नाही, समोरचा वयाने मोठा. उद्धटपणा करवत नाही.

मग टुकटुक. तीन ठिकाणं, २० बाट. एवढ्यात त्याच्या गॅसचाही खर्च निघत नाही, हे कुणालाही कळेल. म्हणून तो स्वतःच सांगतो की आज सरकारी योजना आहे. त्याचा पैसा दुकानाकडून येतो: गिऱ्हाईक नुसतं दारात आणलं तरी गॅसचं कूपन, खरेदी झाली तर कमिशन. नियम साधा धरा: टुकटुकचं भाडं हसू येण्याइतकं कमी असेल तर बसू नका.

पहिल्या विहारात कोणी नसतं, एक इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ सोडून. तो काहीच विकत नाही. इकडचं तिकडचं बोलतो, भारतातून का, आमच्याकडे लग्नात नीलम देतात, तुमच्याकडे शनीसाठी घालतात ना, निर्यात केंद्रात वर्षातून एक आठवडा बिनकराचा भाव असतो, आज शेवटचा दिवस. आणि निघून जातो. फाटकावरचा, टुकटुकवाला, हा: तिघं एकमेकांना ओळखत नाहीत असं आपल्याला वाटतं, म्हणून तिघांचं जुळलं की ते खरं ठरतं. थायलंड सरकारची पर्यटकांसाठी खडे विकायची कुठलीही योजना नाही. बिनकराचा आठवडा नाही, शेवटचा दिवसही नाही. तो उद्याही शेवटचाच असतो.

दुकान थंडगार, पाणी, चहा, पॉलिश करणारे कारागीर काचेमागे. सात नीलम, ३८,००० बाट. कार्डावर ९८,८०० रुपये, वर ३.५ टक्के परदेशी व्यवहार शुल्क ३,४५८ आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ६२२. झाले १,०२,८८०.

पुढची चलाखी नीट वाचा. खडे हातात देत नाहीत. 'विमानतळावर त्रास होईल' म्हणून पाकीट सील करून टपालाने नागपूरच्या पत्त्यावर पाठवतात. याने त्यांचे तीन फायदे. तिथल्या तिथे तपासणी टळते. 'सील तुटलं तर परतावा नाही' हे पावतीच्या मागे छापलेलं असतं. आणि पाकिटावर 'भेटवस्तू, १,००० बाट' असं लिहिलेलं असतं, ते नंतर आपल्याच विरोधात जातं. कर परत मिळेल हे आश्वासनही तिथेच मरतं. थायलंडमध्ये पर्यटकाला व्हॅट परत मिळतो, पण एका दुकानात दिवसाला किमान २,००० बाटची खरेदी, दुकानाने भरलेला पी.पी. १० फॉर्म, आणि वस्तू स्वतःबरोबर विमानतळावरून नेली तरच. टपालाने गेलेल्या वस्तूवर काही मिळत नाही.

दुकानाचं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी. 'नैसर्गिक नीलम' एवढंच लिहिलेलं, खड्याचा दर्जा नाही, तापवून रंग चढवला का ते नाही. पाकीट घरी आल्यावर नागपुरात इतवारीतल्या सराफाने भिंगाखाली दोन मिनिटं बघून सांगितलं, "खडा खरा आहे भाऊ, भाव खोटा आहे." सगळ्या सात नगांचे ९,००० रुपये.

खडा खरा असण्यानेच आमची प्रत्येक दारात वाट लावली. बँकॉकच्या चौकीत विचारलं, धमकावलं का? दार लावून घेतलं का? खडा काचेचा आहे का? नाही ना? मग हा व्यापार. दुकानात फोन करून बघतो म्हणाले, तीस टक्के कापून परत देतील, पण माल घेऊन या. माल टपालात! इकडे नागपुरात पोलीस ठाण्यात गेलो तर गुन्हा परदेशात, आरोपी परदेशी, आम्ही काय करू शकतो, तिकडेच तक्रार करा. तिकडे परत जायचं तिकीट साहेब काढून देणार होते का? सायबर हेल्पलाइनवर ऐकलं की ही ऑनलाइन फसवणूक नाही. विमा कंपनीने कलम दाखवलं: स्वखुशीने दिलेल्या पैशाला संरक्षण नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, म्हणजे संमती. अहो, पिन टाकल्याशिवाय फसवणूक करणारा पैसे घेतो कसे? बंदुकीच्या धाकाने? आणि त्या पाकिटावरची 'भेटवस्तू, १,००० बाट' ही ओळ बँकेने आम्हालाच वाचून दाखवली, घ्या. पासष्ट वेळा 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' ऐकून शेवटी एक मुलगी म्हणाली, सर, पुढच्या वेळी काळजी घ्या.

असो. दुकानातून बाहेर पडताच शंका आली तर हॉटेलवर जाऊ नका, तसेच मागे फिरा. माल हातात आणि तारीख तीच असेल तेव्हाच काही होतं. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, ग्राहक संरक्षणाचा ११६६. खडे जवळ असतील तर देश सोडण्याआधी बँकॉकमधल्या जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. दुकानदाराच्या ओळखीच्या लॅबमधून नको. कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा निघण्याआधी ॲपमधून दिवसाला दहा-पंधरा हजारांवर आणा, ती लगेच वाढवता येते, पण वाढवायला लागणारी दोन मिनिटंच विचार करायला कामाची असतात.

बँकेच्या अर्जात 'अनधिकृत व्यवहार' लिहू नका, तो त्याच दिवशी फेटाळला जातो. 'वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही' हा वेगळा प्रकार असतो, काउंटरवरच्या माणसाला तो बऱ्याचदा माहीतच नसतो, तोच फॉर्म मागा. सोबत मूल्यांकन लेखी, शिक्क्याचं. पावतीच्या दोन्ही बाजू. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. आमची तिथे पडून आहे.