पॅनडॉक : समीकरण शाबूत, क्रमांक गहाळ

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून गणिती मजकूर छापण्यायोग्य करणाऱ्या प्रणालीत) लिहिलेला लेख वर्डमध्ये पाठवा, असे संपादकाने किंवा मार्गदर्शकाने सांगितले की मजकुराची फारशी चिंता नसते. अडते ते सूत्रांपाशी. सूत्रांची चित्रे करून चिकटवली तर एखादा घातांक दुरुस्त करायलाही चित्र पुन्हा तयार करावे लागते, आणि हाताने पुन्हा टंकलिखित करायची म्हटली तर चुका ठरलेल्याच. या कामासाठी पॅनडॉक हा एका स्वरूपातील फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणारा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तो जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मॅकफार्लेन हे बर्कले येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे विशेष.

पॅनडॉकला बटणे किंवा मेनू नाहीत. तो कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून, चालतो आणि ज्यांना काळ्या पडद्याचा धसका आहे त्यांना सुरुवातीला तो रुक्ष वाटेल. मात्र मूळ फाइलचे आणि हव्या असलेल्या फाइलचे नाव दिले की पुढचे काम तो बिनबोभाट करतो. डॉक्स, म्हणजे वर्डची फाइल तयार करताना तो प्रत्येक सूत्र वर्डच्या २००७ च्या आवृत्तीपासून चालत आलेल्या समीकरण-स्वरूपात लिहितो. त्यामुळे वर्गसमीकरणाच्या उकलीचे सूत्र घेतले, तर वर्गमूळाच्या चिन्हाखाली कर्सर नेऊन तेथील ऋण चिन्ह बदलता येते, आणि मूळचिन्ह व अपूर्णांकाची रेषा आतल्या मजकुराप्रमाणे लांब-आखूड होतात. लेखकाने सदिशांसाठी किंवा आंशिक विकलजांसाठी स्वतःच्या आज्ञा बनवल्या असतील, तर त्याही पॅनडॉक आधी उलगडून घेतो. माझ्या मते एवढ्या एका गुणासाठीही तो वापरावा. ओडीटी (लिब्रेऑफिसच्या) फाइलमध्ये सूत्रे मॅथएमएल या गणितासाठीच्या संकेतभाषेच्या रूपात जातात आणि लिब्रेऑफिसमध्ये संपादित करता येतात.

जे सूत्र त्याला कळत नाही, ते तो गाळत नाही किंवा अंदाजाने रचत नाही. इशारा देऊन लाटेकचा मजकूर जसाच्या तसा ठेवतो. हे प्रामाणिक आहे, पण इशाऱ्यांच्या ओळी न वाचता फाइल पुढे पाठवणाऱ्याच्या लेखात मग लाटेकच्या आज्ञांचे बॅकस्लॅश (\) दिसतात.

खरी उणीव आहे ती क्रमांकांची. लाटेक जे समीकरण-क्रमांक आपोआप घालते, ते वर्डमध्ये येत नाहीत, आणि मजकुरात जिथे ‘समीकरण ३ पाहा’ असा उल्लेख हवा तिथे चौकटी कंसात नुसते लेबल, म्हणजे लेखकाने समीकरणाला दिलेले खुणेचे नाव, उमटते. पॅनडॉक-क्रॉसरेफ नावाचे जोडसाधन ही उणीव बरीच भरून काढते, पण त्याची लेबले देण्याची स्वतंत्र पद्धत आहे व ती मार्कडाउनमधील (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी दाखवणाऱ्या लेखनपद्धतीतील) लेखनासाठी योजलेली आहे. पन्नास-साठ क्रमांकित समीकरणांचा तयार प्रबंध हाताशी असेल, तर या कामाला वेगळा वेळ राखून ठेवावा. टिक्झेड या लाटेकमधील चित्रसाधनाने काढलेल्या आकृत्याही येत नाहीत; त्या आधीच चित्ररूपात तयार ठेवाव्यात.

हल्ली अनेकजण संभाषण-यंत्रांनी (चॅटबॉटनी) दिलेली सूत्रे मार्कडाउनमध्ये चिकटवतात आणि मग पॅनडॉक ती ओळखत नाही अशी तक्रार करतात. ती सूत्रे बहुधा बॅकस्लॅश आणि कंस यांच्यामध्ये असतात, तर पॅनडॉकचे मार्कडाउन मुळात डॉलरची चिन्हे अपेक्षित धरते. एकेरी बॅकस्लॅशचे विस्तार-कलम (एक्स्टेंशन) कमांडमध्ये जोडले की प्रश्न सुटतो. डॉलरच्या बाबतीतला नियम मात्र विचारपूर्वक केलेला आहे: बंद होणाऱ्या चिन्हाला लागून पुढे अंक आला तर ते सूत्र मानले जात नाही, म्हणून एकाच वाक्यात डॉलरमधील दोन रकमा आल्या तरी मधला मजकूर तिरपा होत नाही.

दोन-चारच सूत्रे असतील तर पॅनडॉक बसवण्याचे कारण नाही. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये समीकरणाची चौकट उघडून लाटेकचा पर्याय निवडता येतो आणि तेथेच रूपांतर होते. उलट दिशेने, म्हणजे वर्डमधून लाटेककडे जातानाही पॅनडॉक उपयोगी पडतो, फक्त फाइल जुनी असेल तर सूत्रे कशात केली आहेत ते आधी तपासावे. जुन्या इक्वेशन एडिटरमधील सूत्रे वेगळ्या प्रकारची वस्तू म्हणून साठवलेली असतात, आणि तो एडिटर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. अशी सूत्रे प्रथम वर्डमध्येच नव्या स्वरूपात आणून घ्यावीत.